शनिवारचा खाऊ

मधली सुट्टी झाली की मॅडम चौथीच्या वर्गात शिरायच्या आणि पहिल्या बाकावरच्या डब्याच्या झाकणावर बोटानं दोनदा टकटक करायच्या, दारावर करतात तशी. मग डब्याला कान लावून विचारायच्या, "कौन है अंदर?"

डब्याचा मालक आवाज बारीक करून उत्तर द्यायचा, "आलू का पराठा, मॅडम!"

"अच्छा! और दोस्त को घर पे छोड़ आया?"

पोरगं डोकं खाजवायचं. दोस्त म्हणजे काकडी, गाजर, दही, मूठभर मोड आलेले मूग, काहीही चालायचं. नुसता पराठा आलेला चालायचा नाही. पंधरा दिवसांत पोरांना असा नाद लागला, की नूडल्सच्या डब्यातसुद्धा गाजराचे चार तुकडे लाजत बसलेले दिसायचे. "मॅडम, मेरे तो आज दो दोस्त आए हैं!" एक पठ्ठ्या तर दोस्तांच्या भरात पराठाच घरी विसरून आला. मॅडमनी त्याला आपली पोळी दिली आणि स्वतः त्याची काकडी खाल्ली.

राइट टाउनमधल्या त्या हिंदी शाळेत मी ड्रॉइंग मास्तर होतो. आमचं घराणं मूळचं वर्ध्याकडचं. आजोबा रेल्वेत लागून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि माझी मुलं दाराच्या आतही हिंदीच. शाळेत मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे दिवसभर माझी मराठी खिशात घडी घालून ठेवलेली असायची.

एका वर्षी शाळेत डॉक्टर येऊन पोरांना तपासून गेले आणि समितीला म्हणाले की पोरं फुगून राहिली आहेत. उड्या कमी आणि पुड्या जास्त, असा त्यांचा एकूण निष्कर्ष. समिती घाबरली आणि पोरांना खायला शिकवण्यासाठी अर्ध्या दिवसाच्या एक शिक्षिका नेमल्या. त्या ह्या मॅडम. माहेर अमरावतीकडचं, यजमान सरकारी कचेरीत, घर मदन महलला. पहिल्याच दिवशी मला कळलं की मराठी आहेत, आणि मी आनंदानं स्टाफरूममध्ये ओरडलो, "या बाई, या, बसा!"

त्या जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोला ना जी भाऊ. इथं बाई म्हटलं तर हातात झाडू देतील मले. मॅडमच म्हणा."

खरंच होतं. आपल्याकडे शाळेतल्या बाई म्हणजे केवढा मान. जबलपुरात बाई म्हणजे धुणीभांडी करणारी. शाळेचा चपराशी एव्हाना त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलाच होता. तेव्हापासून मीही मॅडमच म्हणत आलो.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मॅडम स्वतः चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं होतं. मी तरी कोण मोठा सडपातळ लागून गेलो! माझ्या पँटचं वरचं बटण लग्नानंतर कधी लागलेलं नाही. विज्ञानाच्या सरांनी मात्र तोंडावरच सुनावलं, "मॅडम, पहले खुद पे तो आजमाइए." मॅडम खळखळून हसल्या. म्हणाल्या, "सर, मैं तो रस्ते पे लगा तीर हूँ. तीर रास्ता दिखाता है, खुद थोड़े ही गाँव जाता है!"

माझं गाव मात्र त्यांनी मला दाखवलं. जबलपूरची खोव्याची जलेबी, म्हणजे आपली खव्याची जिलबी, ज्यानं खाल्ली नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही, त्याची कीव करतो. काळीभोर, जाड, पाकानं टच्च भरलेली. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी दुकानासमोर उभा राहून तिसरी संपवत होतो आणि मागून आवाज आला, "काय भाऊ, चालू आहे?" मी जलेबी पाठीमागे लपवली. पाक मनगटावरून थेट बाहीत. मॅडम रागावल्या नाहीत. एक जलेबी त्यांनीही मागवली आणि बाकावर बसून डोळे मिटून चिमणीएवढे घास घेत खाऊ लागल्या. माझी चौथी संपली, हात धुऊन झाले, तरी यांची अर्धी शिल्लक.

"कशी होती भाऊ?"

"मस्त!"

"मस्त म्हणजे? आधी खोवा लागला का आधी पाक?"

आता काय सांगू? मला आठवेचना. आत्ता खाल्लेल्या चार जलेब्या आठवेनात!

"चार खाऊन सांगता येऊन नाही राहिलं?" मॅडम म्हणाल्या. "मी कमी खा नाही म्हणत जी. खाल्लेलं ध्यानात तर राहू द्या."

खरं सांगतो, त्या दिवशी मला भयंकर राग आला. माझ्या जलेबीवर देखरेख करायला समितीनं नेमलं होतं का यांना? पण तेव्हापासून पहिली जलेबी हळू खायची खोड लागली, आणि तिसरीची आठवण कधी बुजली तेच कळलं नाही. बायकोला वाटतं तिच्या सोमवारांचं फळ आहे. वाटू द्या.

एका बाबतीत मात्र मॅडम कडक होत्या. कोणत्याही मुलाला मोटू म्हणायचं नाही. एकदा एका सरांच्या तोंडून सहज निघालं, "वो चौथी का मोटू कहाँ है?" तर मॅडमनी हातातला चहा खाली ठेवला. "सर, उसका एक नाम है." एवढंच.  वजनाचं मशीन त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. वजन करायचं तर एकेका मुलाला आत बोलवायचं, दार लावायचं आणि आकडा फक्त त्याच्या कानात सांगायचा.

मी म्हटलं, "एवढं काहून करता मॅडम? पोरानं काय लाडू चोरून खाल्ला का?"

"भाऊ, मी लहानपणी ढोली होती," त्या म्हणाल्या. "वर्गात ढोली, गल्लीत ढोली, मावशीच्या लग्नातही ढोलीच. कोणी म्हटलं का मला रडू यायचं, अन् रडू आलं का मी कोठीत जाऊन लपून खायची. जितकं म्हणत, तितकं खायची." मग लगेच हसून म्हणाल्या, "चलो, चहा थंड होऊन राहिला."

थंडीत जबलपूरला मटाराचा पूर येतो. मॅडमनी एक तास मटार सोलायचा ठेवला. हो, वर्गात! प्रत्येकानं घरून मूठभर शेंगा आणायच्या, सोलायच्या, खायच्या. जे आपल्या हातानं सोललं ते मूल नाकारत नाही, असा त्यांचा सिद्धांत. त्या तासाला रोशनीनं कमाल केली. रोशनी म्हणजे घमापूरच्या एका भाजीवाल्याची मुलगी. गोल गाल, गोल मनगटं आणि हातगाडीवरून ओरडणाऱ्या बापाचा घेतलेला खणखणीत आवाज. तिनं एक शेंग दोन बोटांत दाबली आणि म्हणाली, "इसमें सात हैं." उघडली तर मोजून सात! दुसरी दाबली, "पाँच. एक सड़ा है." उघडली तर तेच. वर्ग वेडा झाला. सगळी पोरं शेंगा घेऊन तिच्याभोवती, आणि या भानगडीत रोज चिप्सची पुडी फोडणाऱ्यांनीही ढीगभर कच्चे मटार फस्त केले. मॅडम तर तिच्या प्रेमातच पडल्या.

त्यातूनच ती कल्पना निघाली. दर शनिवारी एका मुलानं घरी केलेलं काहीतरी सगळ्या वर्गासाठी आणायचं. पुडीतलं नाही, घरचं. सगळ्यांनी चाखायचं. ज्याची पाळी त्याचं नाव आदल्या दिवशी बोर्डावर. पहिली पाळी अर्थातच रोशनीची.

"भाऊ, एक झकास बोर्ड रंगवून द्या ना जी," मॅडम म्हणाल्या.

त्या शाळेत माझ्या कलेला 'थूकना मना है' यापलीकडे वाव मिळाला नव्हता. मी दोन संध्याकाळी खपलो. लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली, भोवती मटाराच्या शेंगांची वेल. वर लिहिलं: 'शनिवार का खाऊ'. खाली काळी पट्टी, तिच्यावर मॅडमनी सुरेख अक्षरात खडूनं लिहिलं: 'रोशनी, कक्षा चार'. शुक्रवारी सकाळी पाण्याच्या नळांजवळ, जिथं सगळी शाळा येते, तिथं मी स्वतः खिळा ठोकून तो लावला.

तुम्हाला काही खटकलं? नाही ना? आम्हालाही नाही खटकलं.

पोरं बोर्डासमोर गर्दी करून हसत होती. हिंदीच्या मॅडम वाचून हसत गेल्या. मला वाटलं, वेल आवडली. मधल्या सुट्टीत तर मैदानभर गजर, "खाऊ! खाऊ!" मी मॅडमना म्हटलं, "बघा, पोरं आजच मागून राहिली." मॅडम खूश. खिडकीतून हात हलवून ओरडल्या, "हाँ हाँ, कल मिलेगा! कल रोशनी देगी खाऊ!" त्यावर जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो.

मग त्या वर्गात गेल्या. मी मागेच होतो. रोशनीच्या डब्यावर टकटक केलं. "कौन है अंदर?"

"कोई नहीं, मॅडम."

झाकण उघडलं. डबा धुतल्यासारखा स्वच्छ. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पोट दुखतं का विचारलं.  तिचा पराठा नळामागच्या कचऱ्यात पडलेला चपराशाला सापडला, हे आम्हाला नंतर कळलं.

शनिवारी रोशनी आली नाही. सोमवारी तिचा बाप आला. गाडी सोडून, धंद्याच्या वेळेला आलेला माणूस. ऑफिसात मोठ्या मॅडमसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकेसमोर, उभा राहून त्यानं आमच्या मॅडमना विचारलं, "काए मॅडम, हमारी बिटिया खाऊ है? किसका खा लिया उसने?"

तेव्हा माझ्या डोक्यात हिंदी उजाडली. हिंदीत खाऊ म्हणजे हावरट, अधाशी, दुसऱ्याच्या वाट्याचंही गिळणारा. लाच खाणाऱ्या साहेबालाही लोक खाऊच म्हणतात. मी जन्मापासून हिंदीत वावरलेला माणूस, हा शब्द बाजारात शंभरदा ऐकलेला. पण मराठी माणसाबरोबर दोन महिने मराठी बोललो, आणि बोर्ड रंगवताना मला फक्त बाबांची पिशवी दिसली, कामावरून परतताना त्यांच्या हातात असायची ती. बाई शब्दावर पहिल्या दिवशी सावध झालेल्या मॅडम, त्यांनाही तेच दिसलं असणार. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. वर्गातल्या सर्वात गोल मुलीचं नाव आम्ही हावरट म्हणून लाल अक्षरात वेलीसकट टांगलं होतं.

"तीन दिन से ठीक से खा नहीं रही है," बाप म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "आप लोग ही खाना सिखाते हो न?"

मॅडमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या काही समजावत बसल्या नाहीत. मीच घाईघाईनं मराठी, अर्थ, खुलासा सुरू केला, तर मोठ्या मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. बोर्ड मी त्याच तासाला उतरवला. मॅडम बाजूला उभ्या होत्या. "इथून तर उतरला भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यातून कसा उतरवू?"

संध्याकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही घमापूरला गेलो. दोन वजनदार माणसं आणि एक म्हातारी स्कूटर. चढावर मॅडम उतरून चालल्या. रोशनी दाराआड उभी होती. मॅडम जमिनीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले, बाईमाणूस, शिक्षिका, आईबापांच्या देखत. मग तिला सांगितलं की आमच्याकडे खाऊ म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी मायेनं आणलेली वस्तू. "मैंने तो तेरे नाम के ऊपर मिठाई लिखी थी, बेटा."

रोशनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पर मॅडम, सब लोग तो हिंदी में हँसते हैं."

परत येताना मॅडम उतारावरही चालतच आल्या.  

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मॅडमनी सगळ्या शाळेसमोर माफी मागितली. चूक माझी आहे, मला नीट हिंदी येत नाही, रोशनीचा काही दोष नाही.  शेवटी पाचवीतल्या एकानं हात वर करून विचारलं, "मॅडम, तो फिर मराठी में गाली को क्या बोलते हैं?" सगळे हसले, मॅडमही हसल्या, आणि चिडवणं त्या दिवसापासून थांबलं. पोरं विसरली. पोरांचं काय, त्यांना रोज नवं काही लागतं.

रोशनी विसरली नाही. शाळेत यायची, उत्तरं द्यायची, पण मधल्या सुट्टीत डबा उघडायची नाही. एक दिवस मी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागून जात होतो, तर ही भिंतीकडे तोंड करून उभी, आणि दोन्ही हातांनी पराठा कोंबत होती. चावणं नाही, काही नाही. मला पाहून दचकली. मी न पाहिल्यासारखं करून पुढे गेलो आणि मॅडमना सांगितलं.

 मॅडम म्हणाल्या, "माझ्याच वाटेनं चालली जी पोरगी. अन् वाट मीच दाखवली."

तेव्हापासून मॅडमनी झाकणं वाजवायचं सोडलं. रोज मधल्या सुट्टीत त्या रोशनीच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि आपला डबा उघडून सावकाश जेवायच्या. तिला खा म्हणायच्या नाहीत, विचारायच्या नाहीत. इकडच्या तिकडच्या गोष्टी चालायच्या. रोशनी बोलायची, हसायचीसुद्धा, पण तिचा डबा बंद. मटार संपले, थंडी गेली, परीक्षा आली, तरी बंदच. मी एकदा म्हटलं, "मॅडम, सोडा ना आता. मोठी झाली का खाईल." तर माझ्यावर कडाडल्या, "मोठी झालेली ढोली तुमच्यासमोर बसली आहे भाऊ! चार लोकांत पहिला घास घ्यायला मले अजून धीर करावा लागते."

मी त्यांना चार लोकांत शेकडोदा जेवताना पाहिलं होतं. मला कधी कळलंच नव्हतं.

समितीनं ठरवलं की पुढच्या सत्रात हा तास नको. त्याच सुमारास यजमानांची बदली नागपूरला झाली, त्यामुळे मॅडमना काढलं असं कोणाला म्हणावं लागलं नाही. निरोपाचा समोसा झाला, मोठ्या मॅडमनी शाल दिली. मॅडम हसत होत्या. जाताना फक्त मला म्हणाल्या, "एक काम राहिलं भाऊ."

त्या गेल्या त्या दिवशी मी मदन महल स्टेशनवर गेलो. गाडी तिथं दोन मिनिटं थांबते. सामान चढलं, यजमान चढले, मॅडम खिडकीशी बसल्या. आणि गर्दीतून रोशनीचा बाप धावत आला, हाताला धरून रोशनी. तिच्या हातात स्टीलचा डबा. धापा टाकत तिनं तो खिडकीच्या गजांतून आत ढकलायचा प्रयत्न केला, तो जाईना, मग झाकणच काढून वर धरला. आत भाजलेल्या चण्याचे गुळात वळलेले लाडू होते. वेडेवाकडे, एक मोठा, एक छोटा. तिनेच वळलेले असणार.

"मॅडम, आपका खाऊ," ती म्हणाली.

मॅडमनी गजांतून बोटं घालून एक लाडू उचलला. ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. "तू ले पहले. तू नहीं खाएगी तो मैं कैसे खाऊँ?"

फलाटावर ही गर्दी. शेजारच्या खिडकीतली माणसं बघत होती, चहावाला बघत होता, एक पोरगं तर वाकून बघत होतं. रोशनीनं बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नजर कुठे लपवू ते मला समजेना. शिट्टी झाली. मॅडम लाडू हातात धरून तशाच बसलेल्या.

रोशनीनं डब्यातला सगळ्यात मोठा लाडू उचलला आणि अख्खा तोंडात घातला.

गाडी हलली. मॅडम लाडू खात होत्या आणि रडत होत्या, दोन्ही एकदम, आणि यजमान घाबरून त्यांना पाण्याची बाटली देत होते. बाप म्हणाला, "टाटा कर बेटा, मॅडम को टाटा बोल." पण रोशनीचे दोन्ही गाल भरलेले होते, तिला बोलता येईना. ती सावकाश चावत राहिली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत नुसता हात हलवत राहिली.